दोन्हीवर तीन भोकं

पफ ओव्हनमध्ये जाण्याआधी त्याच्या माथ्यावर भोक पाडावंच लागतं. नाही पाडलं तर आतल्या वाफेला वाट मिळत नाही, पफ कडेनं फाटतो आणि सारण ट्रेवर सांडून करपतं. आमच्या धंद्यात ह्याच भोकांच्या खुणा झाल्या. बंद पफच्या पोटात काय आहे ते बाहेरून दिसत नाही, म्हणून भोकं मोजायची. बारामतीतल्या ज्या बेकरीत मी बावीस वर्षं काम केलं, तिथं बटाटा-मटारला एक भोक, पनीरला दोन, पेढ्याला तीन आणि नारळाच्या बर्फीला सुरीच्या दोन आडव्या चिरा, असा रिवाज होता. तो माझ्या हातात इतका मुरलाय की काटा उचलला की डोक्याला विचारायची गरज पडत नाही.

त्याच हातांनी मला उघडं पाडलं. गोष्ट घरगुती आहे, लोकांना क्षुल्लकही वाटेल. पण दोन वर्षं ती माझ्या मनात आहे आणि घरात कुणाशी बोलता येत नाही. म्हणून लिहितोय.

बेकरी बंद पडल्यावर मी भवानीनगरला घरी आलो. मागच्या पत्र्याच्या खोलीत एक ओव्हन बसवला आणि खारी, टोस्ट करून दुकानांना देऊ लागलो. धंदा जेमतेम चालला होता. त्याला वळण लावलं ते माझ्या भाच्याच्या बायकोनं. माझी मोठी बहीण, आक्का, काटेवाडीला दिलेली. ही तिची सून. माहेर डाळजचं. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा चहाबरोबर माझी खारी खाल्ली आणि उरलेला तुकडा हातात धरून पदर मोजत बसली. मला म्हणाली, "मामा, एवढे पदर सुटत्यात तर नुसती खारी कशाला करताय?"

पुढं मुलगी बालवाडीत जायला लागल्यावर ती स्कूटीवरून दुपारी दोन तास येऊ लागली. मैदा मळून थंड करायचा, लाटायचा, त्यावर मार्जरीनची पोळी पसरायची, घडी घालायची, पुन्हा थंड करायचं, पुन्हा लाटायचं. हे सगळं ती माझ्याकडे शिकली. पण काय विकायचं आणि कसं, ते तिनं मला शिकवलं. वाढदिवस, साखरपुडे, कारखान्यातल्या कुणाचा निरोप समारंभ, असल्या कार्यक्रमांना दोन घासांत संपतील एवढे छोटे पफ करायचे. निम्मे तिखट, निम्मे गोड. मी पॅटिस म्हणायचो तर ती म्हणायची, "पॅटिस म्हनलं की लोकांना एस्टी स्टँड आठवतंय मामा, पफ म्हना." मार्जरीन अर्धं करून घरचं लोणी घालायची कल्पना तिचीच. उन्हाळ्यात लोणी वितळून पोळपाटावर ओघळायचं, तेव्हा मी वैतागायचो आणि ती हसत पीठ पुन्हा फ्रीजमध्ये ढकलायची. वर्षभरात आमच्या पफला नाव झालं. माझं नाव झालं, असं म्हणायला हवं. लोक मलाच फोन करायचे.

तिची मुलगी आता पाच वर्षांची होती. दुसऱ्या खेपेला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात आक्कानं डोहाळजेवण मोठं करायचं ठरवलं. कारखान्यात उसाच्या गाळपाचे दिवस होते. हवेत मळीचा वास आणि दोरीवरच्या कपड्यांवर काजळी. अशा दिवसांत आम्ही ट्रे सुद्धा फडक्याखाली झाकून ठेवतो.

डोहाळजेवणात दोन वाट्या पालथ्या घालून एकीखाली पेढा आणि दुसरीखाली बर्फी ठेवायची, गरोदर बाईनं एक उचलायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. घरोघर चालणारा हा खेळ. ती मला म्हणाली की वाट्या नकोत, आपण दोन पफ करू. एकात पेढा, एकात बर्फी. दिसायला सारखे. सगळ्यांसमोर फोडायचे. मला कल्पना आवडली. मग ती पीठ लाटता लाटता, माझ्याकडे न बघता बोलू लागली.

तिची मुलगी आजकाल घरातलं सगळं ऐकत होती. शेजारच्या बाया येऊन म्हणत, आवंदा पेढाच. आजी म्हणे, पेढाच. पोरीनं आईला विचारलं होतं की मी झाले तेव्हा काय निघालं होतं. आईनं सांगितलं, बर्फी. तेव्हापासून ती पोरगी ताटात बर्फी आली तर बाजूला सारत होती.

"निघंल ते निघू द्या," ती म्हणाली. "पण बर्फी निघायला जागा तरी पायजे. निघालीच तर बायका टाळ्या वाजवत्याल, गानी म्हनत्याल. तेवढं तिला एकदा बघू दे. तुमाला दोन पोरी हायत मामा, तुमाला सांगायला लागत न्हाय."

मला खरंच सांगायला लागत नव्हतं. माझ्या बायकोनं दोन्ही वेळा बर्फी उचलली होती. दुसऱ्या वेळी माझ्या आईनं ओटीतलं सामान नीट न आवरताच उठून चूल गाठली होती, ते मी दारातून पाहिलं होतं. मी तिला शब्द दिला. तिनं शेवटी बजावलं की ह्या दोन पफांवर नेहमीच्या खुणा करू नका, दोन्हीवर एकेकच भोक पाडा. "मला तुमच्या खुना पाठ हायत. मला कळलं तर खेळ कसला?"

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी आक्का आली. मागच्या दारानं आली आणि पायरीवर बसली. इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, दोन्हीत पेढाच भर.

मी म्हणालो, सूनबाईनं वेगळं सांगितलंय.

"ती काय सांगंल. आरं, चार गावच्या बायका येनार हायत. बर्फी निघाली तर माझं तोंड बघायचं का त्यांनी? कुनाला कळतंय आत काय भरलंय ते."

"तिला कळंल."

"कशानं कळंल? ती काय पफात शिरून बघनार हाय व्हय?" आणि स्वतःच हसली. मग आवाज उतरवून म्हणाली, "माझ्यासाठी येवढंबी करनार न्हाईस?"

एवढंच. बाकी काही ती बोलली नाही, आणि तिला बोलायची गरजही नव्हती. माझी बायको बारामतीला दवाखान्यात तीन महिने पडून होती तेव्हा आक्कानं एक दिवस न चुकता डबा पोचवला होता आणि माझ्या पोरींच्या वेण्या घातल्या होत्या. तिनं ते कधी काढून दाखवलं नाही. त्या पायरीवर मात्र ते आम्हा दोघांच्या मध्ये येऊन बसलं होतं. मी मान हलवली. होय म्हणालो नाही, नुसती मान हलवली. पुढं कित्येक दिवस मी स्वतःला समजावत होतो की आपण तोंडानं होकार दिलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून कामाला लागलो. दोनशे पफ होते. आधी तिखटाचे, मग पाहुण्यांसाठी गोडाचे: साठ पेढ्याचे, चाळीस बर्फीचे. सगळ्यात शेवटी ताटातले दोन, जरा मोठे. पेढ्याची परात अजून समोर होती. दोन्हीत पेढा कुस्करून भरला, कडा दाबल्या, वरून दूध लावलं आणि काटा उचलला. त्या क्षणी मी पायरीवरच्या आक्काचा विचार करत होतो. हात आपलं काम करत होते.

ओव्हनमधून ट्रे काढला तेव्हा दिसलं. दोन्ही पफ छान फुगले होते, पदर सुटले होते, रंग आला होता. दोन्हीवर तीन तीन भोकं. नीट ओळीत, पेढ्याची.

नवे करायला पीठ शिल्लक होतं, पण थंड नव्हतं, आणि भाचा गाडी घेऊन दारात उभा होता. मी पिठीसाखर आणून वरून चाळली. साखर भोकांत उतरली आणि भोकं आणखीच उठून दिसली. मग फडक्यानं साखर झटकली. शेवटी म्हटलं, बायकांच्या गर्दीत, गाण्याच्या नादात कोण भोकं मोजतंय. माझ्या मनात कुठंतरी तिनं ओळखावं असं होतं, अशी फुशारकी मी मारणार नाही. तिनं ओळखू नये एवढंच मला त्या वेळी हवं होतं.

काटेवाडीत आक्काच्या अंगणात मांडव होता. सून हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून पाटावर बसली होती. मुलगी तिच्या गुडघ्याला टेकून. असल्या कार्यक्रमात पुरुषाचं काम नसतं, पण ट्रे माझ्या हातात असल्यामुळं मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. ओटी झाली, गाणी झाली, पाहुण्यांत पफ फिरले. बायका मिटक्या मारत होत्या. मग आक्कानं ते दोन पफांचं ताट पुढं आणलं.

सुनेनं ताटात पाहिलं. फार वेळ नाही. मग मान वर करून थेट दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. मी ट्रेवरचं फडकं सारखं करू लागलो.

"उचल की," कुणीतरी म्हणालं. "आता काय हिशेब करतीस?"

तिनं डावीकडचा उचलला आणि मोडला. पेढा. बायकांनी टाळ्या पिटल्या, आक्कानं तिच्या तोंडावरून हात ओवाळून बोटं मोडली. एका पाहुणीनं भाच्याच्या नावानं चावट गाणं सुरू केलं. त्या गलक्यात तिनं दुसरा पफ घेतला, तोही मोडला आणि मुलीच्या समोर धरला. आवाज चढवला नाही, पण पहिल्या दोन रांगांना ऐकू गेलं.

"बघ. ह्यातबी पेढाच हाय. बर्फी कुनी ठेवलीच न्हाय."

गाणं मधेच तुटलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणीतरी आक्काला विचारलं, हे कसं काय ओ? आणि माझी आक्का, जिनं आदल्या दिवशी माझ्या पायरीवर बसून हे सगळं ठरवलं होतं, ती हसून म्हणाली, "मला काय म्हाईत बाई. पफ ह्यानं केल्यात, ह्यालाच इचारा. भाच्याला पोरगा व्हावा म्हून ह्यालाच लई घाई."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी आक्काकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, ताटातले चुरे गोळा करत होती. मला अजून ते चुऱ्यांवर फिरणारं तिचं बोट दिसतं. मला लहानपणी ह्याच बोटानं तिनं शाळेची वाट दाखवली होती, असलं काहीतरी लिहायचा मोह होतो, पण त्या वेळी असलं काही मनात आलं नव्हतं. मनात एवढंच आलं की ही मला वाऱ्यावर सोडून देतेय. चारचौघींत, सहज, हसत.

तेव्हा खरं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "बर्फी संपली व्हती."

पुढच्या रांगेत शेजारची एक म्हातारी बसली होती. तिच्या हातात अर्धा खाल्लेला पफ होता, दोन चिरांचा. तिनं तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि शांतपणे विचारलं, "मग ही कशाची म्हनायची, बाबा?"

बायका हसल्या. फार हसल्या. ते हसणं आक्काला सोयीचं पडलं, कार्यक्रम पुढं सरकला. माझ्या हातातल्या ट्रेवर बर्फीचे नऊ पफ उरले होते, दोन दोन चिरांचे. मुलीनं आईनं दिलेला तुकडा तसाच पाटावर ठेवून दिला होता.

संध्याकाळी भांडी परत घेताना मी आक्काला गाठलं. म्हणालो, माझं नाव का घेतलंस? तिला नवल वाटलं.

"तुझ्यावर गेलं तर हसन्यावारी गेलं," ती म्हणाली. "माझ्यावर आलं आसतं तर सुनंनं जल्मभर धरून ठेवलं आसतं. मला तिच्यासंगं राहायचंय. तुझं काय बिघडलं?"

हिशेब बिनचूक होता. पण त्या दिवसापासून आक्काच्या घरी मी पाणीसुद्धा उभ्यानंच पितो. तिनं पोचवलेले ते डबे खरे होते, आणि हेही खरं होतं. दोन्ही एकाच बाईनं केलेलं आहे, हे मला अजून नीट पेलत नाही.

सुनेनं माझ्याकडे येणं थांबवलं. पोट पुढं आलंय, स्कूटी नको, असं कारण निघालं आणि ते खोटंही नव्हतं. आठ दिवसांनी मीच काटेवाडीला गेलो. घराच्या मागं मेथी काढून आणली होती आणि ती बसून जुड्या बांधत होती. मी समोर बसलो. काय बोलायचं ते येताना रस्ताभर जुळवलं होतं, पण तोंडातून पहिलं वाक्य जे निघालं ते हे, की मला आक्कानं सांगितलं म्हणून मी केलं. जिनं मला सोडून दिलं होतं तिला मी आता सोडून देत होतो. बोलताना जरा हलकंही वाटलं, हे कबूल करतो.

तिनं हातातली जुडी बांधून पूर्ण केली. मग म्हणाली, "त्यांनी सांगितलं ते मला ताट बघितल्याबरुबर कळलं. त्यांना नातू पायजे, त्या कधी लपवीत न्हाईत. त्यांचं मला काय वाटलं न्हाय." तिनं दुसरी जुडी घेतली. "तुमी कशापायी, मामा?"

दवाखान्यातले डबे सांगावेसे वाटले, पण ते तिला सांगणं म्हणजे त्या डब्यांची किंमत तिच्या पोरीकडून वसूल केली असं म्हणणं होतं. आणि तसंच झालं होतं. ती वाट बघत राहिली नाही. चहा ठेवते म्हणाली आणि आत गेली. चहा चांगला केला होता. मी प्यालो आणि निघालो.

दोन महिन्यांनी मुलगा झाला. आक्का पेढ्यांचा पुडा घेऊन स्वतः भवानीनगरला आली आणि ओव्हनवर हात ठेवून म्हणाली, बघ, तुझा पफ खरा ठरला. मी तिच्या हातचा पेढा खाल्ला. दुसरं काय करणार होतो.

बारशाला पफ माझ्याकडूनच गेले. आक्कानंच सांगितले, सुनेनं नको म्हटलं नाही, हवेतही म्हटलं नाही. ह्या वेळी मी प्रत्येक पफवर खूण करताना काटा टेकवायच्या आधी थांबत होतो. एक, दोन, तीन. आत काय आहे ते आठवून, मगच. दीडशे पफांना एरवीच्या दुप्पट वेळ लागला. एकटाच होतो. लाटण्याच्या दुसऱ्या बाजूला पीठ धरायला कुणी नव्हतं.

पाळण्याची गाणी चालू असताना मी बाहेर ओट्यावर ट्रे घेऊन बसलो होतो. मुलगी आली. फ्रॉकला जरीची किनार, हातात कागदी प्लेट. मी तिला चार पफ वाढले, दोन गोड, दोन तिखट. ती माझ्या शेजारीच बसली आणि एक पफ उचलून दोन्ही हातांनी मोडला. आत पाहिलं. खाल्ला नाही, बाजूला ठेवला. दुसरा मोडला. पदरांचा चुरा तिच्या मांडीवर पडत होता.

मी विचारलं, काय बघतीस?

"आत काय हाय ते."

मी तिला म्हणालो की मोडायला लागत नाही, वरून कळतं. एक भोक म्हणजे बटाटा, तीन म्हणजे पेढा, अशा चिरा असल्या की बर्फी. तिच्या आईला हे सगळं येतं, तिलाही शिकवीन. तिनं लक्ष देऊन ऐकून घेतलं. ट्रेमधल्या पफांवरची भोकं बोटानं मोजलीसुद्धा.

मग म्हणाली, "वरनं न्हाय कळत." आणि तिसरा मोडला.

चौथ्यात बर्फी होती. त्याचा अर्धा भाग तिनं मिटल्या मुठीत नाही, उघड्या तळहातावर घेतला आणि बायकांच्या पायांतून वाट काढत आत गेली. दारातून मला पाळण्याजवळ बसलेली तिची आई दिसत होती. मुलीनं हात पुढं करून अर्धा पफ तिला दाखवला. आईनं वाकून आत पाहिलं, बोटानं थोडी बर्फी उकरून चाखली.

"व्हय, बर्फीच हाय," ती म्हणाली. "खा आता."